मिस्त्रींचा तीन मजली केक

दाजींचा उजवा हात खांद्याच्या रेषेपर्यंत यायचा आणि तिथे थांबायचा. तिथे हवेत एखादं छत असावं आणि ते फक्त त्या हाताला दिसत असावं, तसा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज थोडा थोडा वर न्या, सुटेल. दाजी रोज सकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीला बोटं लावून हात वर सरकवत न्यायचे आणि जिथे तो अडायचा तिथे पेन्सिलीने रेघ मारायचे. रेघेवर रेघ पडून तिथे एक काळपट पट्टा झाला होता. पट्ट्याच्या वर भिंत स्वच्छ पांढरी होती.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा गिलाव्याचा. विटांचं काम दुसरे करून गेले की यांचं सुरू व्हायचं. वस्तीत त्यांना सगळे मिस्त्री म्हणत, आणि निम्म्या वस्तीच्या भिंती त्यांच्या हाताखालून गेलेल्या होत्या. एका अर्धवट इमारतीच्या जिन्यात परांचीची फळी सरकली आणि ते खाली आले. फार उंचावरून नाही. "उंचावरून पडलो असतो तर चारचौघांत सांगायला तरी बरं वाटलं असतं," असं ते म्हणायचे. खांद्याचं हाड सांधलं, पण छतापर्यंत हात गेला नाही. आणि छताला हात न पोचणारा गिलाव्याचा मिस्त्री म्हणजे अर्ध्या खोलीचा मिस्त्री. कामं थांबली. दाजी खिडकीपाशी बसून समोरच्या इमारतीच्या भेगा बघत राहायचे. पाहता पाहता त्यांचा चेहराही त्या भिंतीसारखा होत चालला होता.

केक करायची हौस मूळची ताईची. घरातल्या प्रत्येकाच्या वाढदिवसाला ती केक करायची. चवीला चांगला, दिसायला दयनीय. एका दुपारी ती असाच केक घेऊन बसली होती. चपट्या सुरीने क्रीम लावत होती, एका बाजूला ढीग आणि दुसऱ्या बाजूला आतला स्पंज उघडा. दाजी दारात उभे राहून बघत होते. बराच वेळ त्यांनी कळ काढली. मग म्हणाले, "अगं, हा कोपरा कुणी मारलाय?"

"केकला कोपरा नसतो. गोल आहे तो."

"गोलाला पण कड असते. ती बघ, पोट सुटलंय तिला."

"पोट तुम्हालाही सुटलंय. मी काही बोलले का?" ताईने सुरी त्यांच्यापुढे धरली. "घ्या. करा तुम्हीच."

त्यांनी खरंच घेतली. केक छातीखाली होता, त्यामुळे हात अडायचं कारण नव्हतं. फिरणारा स्टँड डाव्या हाताने फिरवत त्यांनी उजव्या हाताने सुरी टेकवली, आणि मी पहिल्यांदा पाहिलं की तो हात जिथवर जातो तिथवर अजून मिस्त्रीचाच आहे. एका फेऱ्यात कड सरळ झाली. दुसऱ्या फेऱ्यात पोट गेलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण गिलावा जितका घोटावा तितका उजळतो, ही त्यांची आयुष्यभराची सवय. ते दाबत राहिले, घोटत राहिले, आणि पाहता पाहता क्रीम रवाळ झालं, पिवळट पडलं, कडेने पाणी सुटलं. लोणी आणि ताक अलग झालं होतं.

"झालं?" ताई म्हणाली. "आता त्याला चुना लावा."

दाजी हसले नाहीत. फुटलेल्या क्रीमचा एक गोळा बोटांत धरून त्यांनी चोळून पाहिला, वास घेतला, जिभेला लावला. "हे वेगळं आहे," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन क्रीमचा डबा आणला.

पुढचं वर्षभर त्या स्वयंपाकघरात जे चाललं त्याला छंद म्हणायचं की हट्ट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. क्रीमच्या पिशवीतून फुलं काढायला ते शिकले. त्यांचे गुलाब कोबीसारखे दिसायचे आणि ताई ते तोंडावर सांगायची. ते पुन्हा काढायचे. मग ते बटाट्यासारखे दिसायचे. महिन्याभराने एकदाचा गुलाब गुलाबासारखा आला तेव्हा दाजींनी तो पुसून टाकला आणि लगेच दुसरा काढला, पहिला चुकून आला नव्हता ना हे बघायला. शेजारीपाजारी साहित्य आणून द्यायचे, दाजी करून द्यायचे. कुणाच्या मुलाचा पहिला वाढदिवस, कुणाची निवृत्ती. भिंत चांगली झाली की तिच्याकडे कुणी बघत नाही, तिथे कपाट लावतात, असं ते एकदा मला म्हणाले होते. केककडे लोक बघत. दारातच "अरे वा" म्हणत. दाजींना ते आवडायचं, पण अवघडल्यासारखंही व्हायचं. कौतुक ऐकताना ते दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय अशा चेहऱ्याने जमिनीकडे पाहत.

मग माझ्या भाचीचं लग्न ठरलं. तिला घरात ठमी म्हणतात. ती एका दवाखान्यात रक्ततपासणी करते आणि तिच्याइतकी सडसडीत ठमी मी दुसरी पाहिलेली नाही. जेवणाच्या टेबलावर कार्यक्रमाचं बोलणं चाललं होतं. हॉल कोणता, फुलं कुठली. ठमी म्हणाली, "केक मी चौकातल्या बेकरीत सांगितलाय. तीन मजली, पांढरा."

दाजींनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "तीन मजली मी बांधतो."

 ताई ताटाकडे बघत होती. ठमी म्हणाली, "बाबा, तुम्ही करता ते केक छान असतात. पण ते घरचे असतात."

"घरचे म्हणजे?"

"म्हणजे थोडा कलला तर आपण हसतो आणि खातो. तिथे एवढी माणसं असतील. तिकडची माणसं असतील. त्यांच्यासमोर कलला तर मी काय करू?"

ती वाईट बोलली नव्हती. खरं ते बोलली होती, आणि म्हणूनच ते लागलं. दाजींनी एक घास खाल्ला, नीट चावून गिळला आणि म्हणाले, "तुझी ऑर्डर राहू दे. रद्द करायची शेवटची तारीख काय?"

"लग्नाच्या आधीचा गुरुवार."

"त्याआधी मी तुला दोन मजले करून दाखवतो. दुपारभर उभे राहिले आणि खाताना तुला आवडले, तर माझा. नाहीतर त्यांचा."

"आणि नाही जमलं तर रुसायचं नाही."

"मिस्त्री रुसत नाही," दाजी म्हणाले. "पाडून पुन्हा करतो."

पहिल्या दोन मजल्यांच्या वेळी मी तिथे होतो. दुपारचं ऊन केकच्या बुटक्या स्टुलावर आलं होतं म्हणून ताईने पडदा ओढला. दाजींनी खालच्या थरात आधाराच्या काड्या रोवल्या, ओळंब्यात धरल्यासारख्या सरळ. वरचा थर गोल पुठ्ठ्यावर बसवून त्यावर ठेवला. लोण्याचं घट्ट क्रीम लावलं. कड अशी की तिच्यावरून नजर घसरावी. आम्ही तिघे बघत राहिलो. ठमी कामावरून यायची होती.

आधी काहीच झालं नाही. मग खालच्या मजल्याच्या कडेला एक बारीक सुरकुती पडली. दाजी पुढे झाले. सुरकुतीची भेग झाली, भेगेतून पातळ गोड पाणी वाहून बशीत आलं, आणि वरचा मजला काड्यांसकट शांतपणे एका बाजूला बसत गेला. दमलेला माणूस भिंतीला पाठ लावून खाली सरकत बसतो, तसा.

ताईने बोटाने आतला स्पंज उचलला. तो लापशीसारखा झाला होता. "अहो, साखरेचं पाणी किती घातलंत याला?"

"पाहिजे तेवढं."

"कशाने घातलंत?"

दाजींनी पाण्याच्या मगाकडे पाहिलं. "काल संध्याकाळी एकदा. आज सकाळी एकदा. मग जेवणाआधी."

ताईने कपाळाला हात लावला. "अहो, ही भिंत आहे का? तुम्ही केकवर पाणी मारलंत?"

मारलं होतं. नव्या गिलाव्यावर दिवसातून दोनतीनदा पाणी मारायचं असतं. पाणी मिळालं नाही तर तो आतून पोकळ होतो, तडकतो. दाजींच्या हातांना कोरडी वस्तू सहनच व्हायची नाही. स्पंज कोरडा दिसला की त्यांचा हात आपोआप मगाकडे जायचा. जी सवय आयुष्यभर भिंती टिकवत आली, तिनेच हे पाडलं होतं. ते त्या ढिगाऱ्यासमोर बसून राहिले. मला वाटलं, आता सोडतील. त्यांनी चमचा घेतला आणि खायला सुरुवात केली. "चव चांगली आहे," म्हणाले. "इमारत वाईट."

ठमी आली, तिने बशीकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं आणि दुसरा चमचा घेतला. बेकरीची ऑर्डर तशीच राहिली.

दुसऱ्या वेळी त्यांनी पाण्याला हातच लावला नाही. ते दोन मजले दुपारभर उभे राहिले, संध्याकाळीही उभे होते, कुणी न खाल्ल्यामुळे दुसऱ्या दिवशीही उभे होते. ठमीने पहिला घास तोंडात घेतला आणि पाणी मागितलं. "बाबा, टिकाऊ आहे," ती म्हणाली. "माझ्या नातवंडांपर्यंत टिकेल."

त्यानंतर दाजी दुपारचे घरातून नाहीसे व्हायला लागले. ताईने मला शोधायला पाठवलं. ते चौकातल्या बेकरीत सापडले. काचेच्या पलीकडे एक धिप्पाड बाई केकवर काम करत होती, भुवईला पिठीसाखर लागलेली. काचेच्या अलीकडे दाजी हात मागे बांधून उभे. एक मिस्त्री दुसऱ्या मिस्त्रीला कधी विचारत नाही, त्याच्या भिंतीकडे नुसतं बघतो. त्या शिस्तीने ते बघत होते.

"काका," बाई मान वर न करता म्हणाली, "हा चौथा दिवस. काही घ्यायचंय, की काच पुसून द्यायची तुमच्यासाठी?"

"घ्यायचं नाही. बघायचंय."

"मग गिऱ्हाइकांच्या वाटेतून जरा बाजूला उभे राहून बघा."

दाजी बाजूला सरकले. मी म्हटलं, चला दाजी, ताई वाट बघतेय. ते हलले नाहीत. बाई ब्रश घेऊन स्पंजवर काहीतरी फिरवत होती आणि ब्रश वाटीत किती बुडतो, किती निथळतो हे एवढ्या लांबून दिसत नव्हतं. दाजींनी मान ताणून पाहिलं. मग ते काउंटरपाशी गेले. त्यांना ती दहा पावलं किती जड गेली असतील, हे मिस्त्री नसलेल्या माणसाला कळणार नाही.

"एक विचारायचं होतं. पाणी किती लावता?"

बाईने आता मान वर केली. "तुम्ही कुठे केक करता?"

"घरी. मुलीच्या लग्नाचा करायचाय. ती ऑर्डर सध्या तुमच्याकडे आहे."

"म्हणजे माझीच ऑर्डर काढून घेणार, आणि ती कशी काढायची तेही मीच सांगायचं?"

"हो," दाजी म्हणाले.

बाईने ब्रश वाटीच्या काठावर ठेवला आणि त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता बाहेर काढते. ती म्हणाली, "हात दाखवा." त्यांनी दाखवले. चुन्याने आणि सिमेंटने पांढऱ्या भेगा पडलेले ते हात तिने एकदा पालथे, एकदा उताणे पाहिले. "भिंतीवाले ना? तरीच. अहो काका, केकला तहान नसते. नुसते ओठ ओले करायचे असतात. ब्रश निथळून घ्यायचा, एकदा फिरवायचा आणि वाटी लांब ठेवून द्यायची. जवळ ठेवली तर हात जातोच. आणि खालच्या थरात काड्या घालता ना?"

"खांबाशिवाय स्लॅब टाकणारा मिस्त्री नाही मी."

"रागावू नका, विचारलं. गुरुवारी दुपारपर्यंत फोन करायला सांगा पोरीला. नंतर मी सामान भरणार."

वाटेत दाजी एवढंच म्हणाले, "ब्रश तर माझ्याकडे ढीगभर आहेत." घरी ते वाक्य पुन्हा निघालं तेव्हा ताई म्हणाली, "तुमचा रंगाचा एक जरी ब्रश माझ्या ओट्यावर दिसला, तर ओट्यासकट तुम्हाला बाहेर काढीन." नवा ब्रश आणला.

तिसरा प्रयत्न बुधवारी झाला. दाजींनी एकदा ब्रश फिरवला आणि वाटी ताईच्या हातात दिली. "आत नेऊन ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस." थोड्या वेळाने त्यांनी मागितली. तिने दिली नाही. दोघांची चांगलीच जुंपली, आणि केक तेवढ्या वेळात वाचला. संध्याकाळी ठमीने कापला तेव्हा तो उभा होता. तिने खाल्ला, दुसरा तुकडा घेतला, तो संपवला आणि मग बोटं चाटून फोन उचलला. "हॅलो, तीन मजल्यांची ऑर्डर होती ना, ती नको आहे. हो. घरी करतायत." पलीकडून बाई काहीतरी बोलली असावी. ठमी हसली आणि म्हणाली, "सांगते त्यांना."

"काय म्हणाली?"

"वाटी लांब ठेवा म्हणाली."

लग्नाच्या दिवशी तीन मजले माझ्या गाडीतून निघाले. खालचे दोन एकावर एक बसवलेले, ते मागे ताई आणि दाजींच्या मध्ये. सर्वांत वरचा वेगळ्या खोक्यात, माझ्या शेजारच्या सीटवर, पट्टा लावून. "मेहुणे," मागून आवाज आला, "आपण लग्नाला निघालोय, शर्यतीला नाही." मी ताशी किती वेगाने चाललो होतो हे सांगितलं तर सायकलवाले हसतील.

घरी त्यांनी दोनच मजले उभे करून पाहिले होते, तेही बुटक्या स्टुलावर. तिसरा थेट हॉलमध्येच चढणार होता. हॉलमध्ये केकसाठी एक उंच, निमुळतं टेबल होतं, पांढरं कापड घातलेलं. कोटातल्या व्यवस्थापकाने आणि मी मिळून दोन मजले त्यावर ठेवले. ते दाजींच्या हनुवटीपर्यंत आले. त्यांनी तिसरा मजला खोक्यातून काढला, दोन्ही हातांत धरला आणि वर उचलला.

हात छातीपर्यंत आला, खांद्यापर्यंत आला आणि थांबला.

अजून वीतभर हवं होतं. दाजींनी दात आवळले. त्यांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. डावा हात वर चालला होता आणि उजवा नव्हता, त्यामुळे मजला कलायला लागला. त्यांनी तो खाली आणला, श्वास घेतला, पुन्हा उचलला. पुन्हा तिथेच. पडल्यापासून खुर्चीवर चढायला ताईची बंदी होती.

"द्या, मी ठेवतो," व्यवस्थापक म्हणाला. "आमचं रोजचंच आहे."

"तुमचं असेल," दाजी म्हणाले.

मी हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी तो मागे घेतला. एवढ्यात ठमी आतून आली, अर्धे केस बांधलेले, अर्धे मोकळे. तिला सांगायची गरज पडली नाही. ती वडिलांच्या हाताकडे बघत म्हणाली, "बाबा, त्यांना ठेवू द्या ना. कुणी ठेवला ते कुणाला कळणार आहे?"

"मला," दाजी म्हणाले.

त्यांनी मजला परत खोक्यात ठेवला. हरले असं मला वाटलं, पण ते हॉल बघत होते. कामावर पहिल्या दिवशी नवी खोली बघावी तसे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. "हे टेबल खाली होतं का?"

"नाही. फोटोच्या हिशेबाने उंची ठरलेली आहे."

"मग टेबल नको. स्टेजच्या पायरीवर ठेवू."

"जमिनीवर?" व्यवस्थापकाचा आवाज खाली आला. "अहो, केक कापायचा कसा त्यांनी? लोक काय म्हणतील?"

दाजी वळले. ते ठमीकडे बघत होते. आयुष्यभर ते कामापर्यंत चढत गेले होते. काम खाली आणायचं तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी परवानगीने आणावं लागणार होतं. ठमी पायरीकडे पाहत उभी राहिली. दारातून पाहुण्यांचे आवाज यायला लागले होते, त्यात तिकडचेही होते. मग तिने कपडे गोळा करून धरले आणि जाऊन पायरीवर बसली. हवेतच सुरी धरून कापल्यासारखं केलं. थोडी सरकून पुन्हा केलं.

"जमतंय," ती म्हणाली. "मामा, उचला. आई, तू ती बाजू धर. आणि जरा जपून, कडेला हात लावलात तर मिस्त्री ओरडतील."

आम्ही दोन मजले खाली आणून पायरीवर ठेवले. दाजी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले, नव्या कपड्यांसकट. तिसरा मजला डाव्या हातावर घेतला, उजव्या हाताने कड सावरली आणि तो जागेवर टेकवला. मग चपट्या सुरीने सांधा बुजवला. एक फेरा. दुसरा फेरा. सुरी तिसऱ्यांदा टेकली आणि त्यांनी ती उचलून घेतली.

केक कलला नाही. पाहुणे तो बघायला वाकत होते. उंच माणसं गुडघ्यावर हात ठेवून वाकली, म्हाताऱ्यांना खुर्च्या आणून दिल्या, फोटोवाला पालथा झोपून फोटो काढू लागला. ठमी आणि तिचा नवरा पायरीवर बसून सुरी धरत होते तेव्हा सगळे त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत होते. दाजी कापलेल्या बाजूकडे पाहत होते.

गर्दी जेवणाकडे सरकल्यावर ठमी बशी घेऊन त्यांच्याकडे आली. तोंडात घास होता. "बाबा, मधला किंचित कोरडा झालाय."

"कुठे?" त्यांनी तिच्या बशीतला तुकडा अंगठ्याने दाबून पाहिला. "हो. मधल्याला अजून एक हात चालला असता."

"पण चांगला आहे."

"चांगला आहे हे मला दिसतंय. कोरडा आहे हे सांगितलंस ते बरं झालं." त्यांनी तो तुकडा खाल्ला, बराच वेळ चघळला आणि पलीकडच्या टेबलाकडे मान वळवली. "तुझ्या सासूबाईंचा वाढदिवस कधी असतो?"

"बाबा," ठमी म्हणाली, "आधी मला त्या घरात पोचू तरी द्या."